जेटचा हिशेब : प्रस्तावना

प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो त्या क्षणी नेमके काय घडते, हे कोणी पाहिलेले नाही आणि कोणाला पाहताही येणार नाही. दिसते ते बरेच नंतरचे. शोधकयंत्राच्या थरांत उमटलेल्या असंख्य कणांच्या खुणा, आणि त्यांत दोन-तीन ठिकाणी दाटीने एकाच दिशेला गेलेले झोत. या झोतांना जेट म्हणतात. मधला सगळा अदृश्य व्यवहार कागदावर मांडायचा, त्यातून किती जेट, कोणत्या दिशेला, किती ऊर्जेचे निघतील याचा आकडा काढायचा आणि तो जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा, हा या पुस्तकाचा विषय. क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजे सवयीने क्यूसीडी, हा त्यामागचा सिद्धांत. स्कॅटरिंग अॅम्प्लिट्यूड ही त्यातली कळीची राशी. तिचा वर्ग केला की एखादी घटना घडण्याची शक्यता मिळते.

हे पुस्तक म्हणजे मुळात टिपणे होती आणि अजूनही त्याचा टिपणांचा बाज गेलेला नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत किंवा लातुरात एम.एस्सी. करणारा, क्वांटम मेकॅनिक्सचा एक पेपर दिलेला आणि फाइनमन डायग्रामचे नुसते नाव ऐकलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली. परीक्षा इंग्रजीत होते, पुस्तकेही इंग्रजीत आहेत. पण अडलेले सोडवायला आपण आपसांत मराठीतच बोलतो, आणि हे पुस्तक त्या बोलण्याच्या जागी आहे. नांदेडात बसून प्रस्तावना लिहायची तर नरहर कुरुंदकरांची आठवण टाळता येत नाही. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी ‘श्रीमान योगी’ला लिहिलेली प्रस्तावना आजही स्वतंत्रपणे वाचली जाते. कौतुकाचे चार शब्द लिहून मोकळे होण्याऐवजी त्यांनी विषयाचे अवघड प्रश्नच लेखकापुढे ठेवले. त्यांची झेप माझ्याकडे नाही. आधी प्रश्न नीट मांडावेत, एवढा धडा मात्र मी घेतला आहे, कारण या विषयात निम्मे काम तेच आहे.

लातूर पॅटर्नने दोन पिढ्या घडवल्या. सराव, चाचण्या, घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, चुकलेले गणित पुन्हा, आणि पुन्हा. त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही; पुढे दिलेली समीकरणे हाताने सोडवायला नेमकी तीच चिकाटी लागते. पण त्या शिस्तीत एक गोष्ट गृहीत असते, की समोर आलेला प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर आहे. क्यूसीडीत तसे नाही. इथे अगदी साधे, सरळ वाटणारे प्रश्न अनंत उत्तर देतात. तेव्हा आकडेमोड तपासण्याआधी प्रश्न तपासावा लागतो. पुस्तकभर मी याच मुद्द्याभोवती घुटमळलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन एकटे सापडत नाहीत. त्यांच्यातले बल जवळच्या अंतरावर, म्हणजे मोठ्या ऊर्जेला, सौम्य होत जाते आणि अंतर वाढले की घट्ट होते. १९७३ साली ग्रॉस आणि विल्चेक यांनी, आणि स्वतंत्रपणे पोलित्झर यांनी, हे हिशेबाने दाखवले. २००४ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. मोठ्या ऊर्जेला बल सौम्य म्हणूनच आपल्याला कागदावर काही करता येते. स्ट्राँग कपलिंग अल्फा-एस ही संख्या झेड कणाच्या ऊर्जेला, म्हणजे साधारण ९१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला, ०.११८ च्या आसपास आहे. तिच्या घातांची मालिका लिहिता येते आणि पहिली काही पदे घेऊन भागते. मात्र टकरीतून सुटलेला क्वार्क दूर जाऊ लागला की बल वाढते, मधली ऊर्जा नव्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांत उतरते आणि शेवटी पायॉन, केऑन, प्रोटॉन असे साधे कण थव्याने बाहेर पडतात. क्वार्क गेला त्या दिशेला थवा जातो. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या स्लॅकमध्ये स्पीअर यंत्रावर अशा दोन थव्यांची पहिली चिन्हे दिसली. १९७६ साली जॉन एलिस, मेरी गेयार आणि ग्रॅहॅम रॉस यांनी सुचवले की एखाद्या क्वार्कने जोरकस ग्लुऑन फेकला तर तिसरा जेट दिसायला हवा. तो १९७९ साली हॅम्बुर्गच्या पेट्रा यंत्रावर दिसला. ग्लुऑनचा शोध लागला असे आपण म्हणतो ते त्या तिसऱ्या जेटमुळे. ग्लुऑन स्वतः तेव्हाही दिसला नाही, आजही दिसत नाही.

इथून खरी अडचण सुरू होते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करून क्वार्क-प्रतिक्वार्क देतात, ही सर्वांत सोपी प्रक्रिया घ्या. त्यात ग्लुऑन सुटण्याची शक्यता किती? हिशेब मांडला की दोन ठिकाणी उत्तर हाताबाहेर जाते: ग्लुऑनची ऊर्जा शून्याकडे गेली की, आणि ग्लुऑन क्वार्कला चिकटून, अगदी समांतर निघाला की. दोन्हीकडे अनंत. मग ग्लुऑन सुटला आणि बाहेर न पडता परत शोषला गेला, त्या लूपची दुरुस्ती काढा. तीही अनंत, पण उणे चिन्हाची. अनंताशी झटापट करण्यासाठी आपण अवकाश-काळाच्या मिती नेमक्या चार न धरता चारहून किंचित वेगळ्या धरतो आणि त्या फरकाच्या मापाला एप्सिलॉन म्हणतो. दोन्ही हिशेबांना सारखाच असलेला गुणक बाहेर काढला की ग्लुऑन सुटण्याच्या हिशेबात तीन पदे उरतात: एप्सिलॉनच्या वर्गाने भागलेले दोन, एप्सिलॉनने भागलेले तीन, आणि साडेनऊ. लूपच्या हिशेबात उरते: एप्सिलॉनच्या वर्गाने भागलेले उणे दोन, एप्सिलॉनने भागलेले उणे तीन, आणि उणे आठ.

बेरीज करा. एप्सिलॉन शून्याकडे नेल्यावर जे फुगणार होते ते सगळे एकमेकांना खाऊन टाकते. साडेनऊतून आठ गेले, उरले दीड. बाहेरच्या गुणकात क्वार्कच्या रंगभाराचे, म्हणजे या बलाशी जोडलेल्या भाराचे, चार तृतीयांश आहेत आणि अल्फा-एसला दोन पायने भागलेले आहे. दीड गुणिले चार तृतीयांश म्हणजे दोन, ते छेदातल्या दोनाने गेले. हाती आले अल्फा-एस भागिले पाय, सुमारे पावणेचार टक्के. दोन अनंतांच्या वजाबाकीतून ही चिमुकली दुरुस्ती निघते. सर्नच्या लेप यंत्रावर १९८९ पासून झेड कणांच्या क्षयात ही दुरुस्ती पुढच्या पदांसह मोजली गेली आणि तिच्यावरून अल्फा-एस ठरवता आला. दिडकी-अडीचकीचे पाढे आता कोणी पाठ करत नाही. पण हे गणित पहिल्यांदा स्वतः सोडवून शेवटी ‘दीड’ लिहिताना होणारा आनंद कुठल्याही गुणपत्रिकेत मिळणार नाही.

आता मागे वळून पाहा. अनंत उत्तर कोणत्या प्रश्नांना आले? ‘एक ग्लुऑन सुटण्याची शक्यता किती’ आणि ‘एकही न सुटण्याची किती’ या दोन प्रश्नांना. निसर्गाला हा भेदच मान्य नाही. शून्याला टेकलेल्या ऊर्जेचा ग्लुऑन सुटला काय आणि न सुटला काय, कोणतेही यंत्र फरक सांगू शकत नाही. क्वार्कला समांतर गेलेला ग्लुऑन आणि एकटा क्वार्क यांतही नाही. लातूरच्या आडत बाजारात तुरीचे पोते वजनावर विकतात, दाणे मोजून नव्हे. गिरणीत दाणा फुटून दोन डाळिंब्या झाल्या तर मोजणी दुप्पट होते, वजन तेवढेच राहते. चिमूटभर चुनी सांडली तरी काट्याला कळत नाही. क्यूसीडीत विचारण्याजोगा प्रश्न हा वजनाचा प्रश्न असतो. जॉर्ज स्टर्मन आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ साली जेटची पहिली गणिती व्याख्या केली ती अशीच: ठरावीक कोनाच्या दोन शंकूंत, थोडासा ठरलेला हिस्सा वगळता, सगळी ऊर्जा मावली तर त्या घटनेला दोन जेटची घटना म्हणावे. किती कण आहेत हे विचारूच नये. त्यांनी उत्तर मर्यादित येते हे दाखवले आणि जेटचा हिशेब रीतसर सुरू झाला.

एका कणापासून सुरू झालेली फूट थव्यापर्यंत कशी जाते याचे गणित मात्र क्यूसीडीहून जुने आहे, आणि त्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. होमी भाभा केंब्रिजला असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे उसळतात याचा हिशेब त्यांनी केला. १९३६ साली तो छापून आला आणि आजही त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. लेपवर टकरींचा दर मोजायला हीच प्रक्रिया मोजपट्टी म्हणून वापरत, कारण तिचे अॅम्प्लिट्यूड नेमके माहीत होते. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी वैश्विक किरणांचा वर्षाव समजावून सांगितला: वेगवान इलेक्ट्रॉन फोटॉन फेकतो, फोटॉन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी देतो, ती जोडी पुन्हा फोटॉन फेकते, आणि एकाचे अनेक होतात. आजचे पायथिया आणि हर्विग हे संगणक-कार्यक्रम जेटच्या पोटात असाच वर्षाव घडवतात. फरक दोन. भाभांचा वर्षाव हवेत किंवा शिशात, अणुकेंद्रांच्या सान्निध्यात घडतो. क्वार्कचा वर्षाव रिकाम्या पोकळीतही घडतो. दुसरा, फोटॉन स्वतः फोटॉन फेकत नाही, ग्लुऑन मात्र ग्लुऑन फेकतो. क्यूसीडीचा बहुतेक किचकटपणा या दुसऱ्या फरकातून येतो. भाभांकडे आपण संस्था उभारणारा माणूस म्हणून इतके पाहतो की हिशेब करणारा भाभा झाकला जातो.

रोहिणी गोडबोले यांच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. पुण्यात १९५२ साली जन्म, हुजूरपागेत शाळा, स. प. महाविद्यालय, आयआयटी मुंबई, १९७९ साली न्यू यॉर्कच्या स्टोनी ब्रूकमधून पीएच.डी. १९८२ पासून १९९५ पर्यंत त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. २०१९ साली पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. वर्तमानपत्रांतल्या लेखांत ‘लीलावतीज डॉटर्स’ या भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरच्या पुस्तकाचा उल्लेख आला, तो यायलाच हवा होता. पण त्यांनी नेमके कोणते गणित केले हे बहुतेकांनी एका ओळीत उरकले. ते गणित जेटचे होते, आणि त्यातला मोठा भाग त्यांनी मुंबई विद्यापीठात असताना केला. मराठवाड्यातल्या विद्यापीठात बसून असले काम जमेल का, असे विचारणाऱ्यांनी ही नोंद जरूर घ्यावी.

फोटॉन हा प्रकाशाचा कण. त्याला रंगभार नाही, तेव्हा जेटशी त्याचा काय संबंध? क्वांटम नियमांनुसार फोटॉन अल्पकाळ क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी होऊन राहू शकतो, आणि ती जोडी ग्लुऑनही बाळगते. म्हणजे फोटॉनच्या पोटातला ग्लुऑन दुसऱ्या कणाच्या ग्लुऑनवर आदळून जेट देऊ शकतो. मानुएल ड्रीस आणि रोहिणी गोडबोले यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की हॅम्बुर्गला उभ्या राहत असलेल्या हेरा यंत्रावर फोटॉनने घडवलेल्या जेटमध्ये हा अप्रत्यक्ष वाटा किरकोळ नसेल, बऱ्याच पट्ट्यात तोच वरचढ ठरेल. हेरा १९९२ साली सुरू झाले आणि पहिल्याच वर्षीच्या मोजमापांत तो वाटा दिसला.

१९९१ साली याच जोडीने आणखी पुढचे टोक गाठले. भविष्यातल्या रेषीय इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत कणांचे पुंजके इतके दाट असतात की समोरासमोर येताना एका पुंजक्याचे विद्युतचुंबकीय क्षेत्र दुसऱ्यातल्या कणांना वाकवते, आणि ते कण फोटॉन फेकतात. असे दोन फोटॉन आदळले, त्यांच्या पोटातले ग्लुऑन भिडले, की कमी ऊर्जेचे जेट निघतात. या मिनिजेटांची संख्या, यंत्र कसे बांधले यावर अवलंबून, इतकी मोठी होऊ शकते की हवी ती दुर्मीळ घटना त्या गर्दीत हरवेल. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र म्हणजे स्वच्छ यंत्र, असा तोवर समज होता. या हिशेबानंतर यंत्र आखणाऱ्यांना ही गर्दी विचारात घेऊनच आराखडे करावे लागले.

मिनिजेटांच्या हिशेबात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. प्रोटॉनांच्या टकरीची ऊर्जा वाढवत नेली तर मिनिजेट निघण्याचा क्रॉस-सेक्शन, म्हणजे ते निघण्याच्या शक्यतेचे माप, वाढतो आणि एका टप्प्यावर टकरीच्या एकूण क्रॉस-सेक्शनलाही मागे टाकतो. भाग संपूर्णापेक्षा मोठा! विद्यार्थी इथे हटकून आकडेमोड तपासायला बसतो. आकडेमोड बरोबर असते. हिशेब टकरी मोजत नव्हता, जेटच्या जोड्या मोजत होता. एका टकरीत दोन-तीन जोड्या निघू लागल्या की आकडा पुढे जाणारच. म्हणजे उत्तरानेच सांगितले की एका प्रोटॉन-टकरीत ग्लुऑनांच्या अनेक टकरी होतात. गोडबोले यांनी पुढे जुलिया पांकेरी आणि इतर सहकाऱ्यांसह हीच वाढ मंदावणाऱ्या मऊ ग्लुऑनांचा हिशेब वर्षानुवर्षे केला. सातव्या प्रकरणात त्याची रूपरेषा आहे. तिथे मी संथ चाललो आहे. वाचकानेही संथच चालावे.

आता अॅम्प्लिट्यूड काढण्याची रीत. पाठ्यपुस्तकातला मार्ग फाइनमन डायग्रामचा: शक्य ती सगळी चित्रे काढा, प्रत्येकाचे पद लिहा, बेरीज करा, वर्ग करा. दोन ग्लुऑन येऊन दोन जातात तेव्हा चार चित्रे, फळ्यावर मावतात. तीन बाहेर गेले की २५. चार गेले की २२०. पाच, २४८५. सहा, ३४,३००. आठ ग्लुऑन बाहेर पडणार असतील तर १,०५,२५,९००. हे सर्वांत खालच्या पायरीचे, एकही लूप न धरता. एकेका चित्राची शेकडो पदे होतात. १९८० च्या दशकात यंत्रांवर चार-चार जेटच्या घटना दिसू लागणार होत्या, नव्या कणांचा शोध घ्यायचा तर या साध्या क्यूसीडी घटनांची पार्श्वभूमी आधी माहीत हवी होती, आणि ती काढणे आवाक्याबाहेरचे मानले जात होते.

अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये स्टीफन पार्क आणि टोमास टेलर यांनी ती २२० चित्रे तडीस नेली. उत्तर अनेक पाने भरेल एवढे होते. मग त्यांनी ते ग्लुऑनांच्या हेलिसिटीनुसार, म्हणजे फिरकी गतीच्या दिशेला आहे की उलट यानुसार, वेगवेगळे करून पाहिले. सगळ्या ग्लुऑनांची हेलिसिटी सारखी असली तर अॅम्प्लिट्यूड शून्य. एकच वेगळा असला तरी शून्य. दोन वेगळे असले तर उत्तर एका ओळीत मावते: अंशात त्या दोन ग्लुऑनांच्या स्पायनरांचा, म्हणजे संवेग आणि हेलिसिटी एकत्र सांगणाऱ्या राशींचा, गुणाकार, त्याचा चौथा घात, छेदात क्रमाने शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे गुणाकार, माळ पुरी होईपर्यंत. ग्लुऑन सहा असोत की साठ, ओळ तीच. १९८६ साली एका छोट्याशा लेखात त्यांनी ती कितीही ग्लुऑनांसाठी मांडली. सिद्धता दिली नव्हती. अंदाज होता, तपासलेला होता, आणि स्ट्रिंग सिद्धांतवाल्यांनी सिद्ध करून दाखवावे असे आव्हानही त्यात होते. सिद्धता १९८८ साली बेरेन्ड्स आणि गील यांनी दिली.

एक कोटी चित्रांची बेरीज एका ओळीत संपते, याचा अर्थ काय घ्यायचा? मला वाटते, चित्रे काढताना आपण निसर्गाला न विचारता काही प्रश्न घुसडत असतो. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे गेजच्या, म्हणजे आपण सोयीसाठी घेतलेल्या गणिती मांडणीच्या, निवडीवर अवलंबून असते, म्हणजे एकट्या चित्राला काहीही भौतिक अर्थ नाही. आपण एक कोटी निरर्थक उत्तरे काढतो आणि त्यांच्या बेरजेत निरर्थक भाग गळून पडण्याची वाट पाहतो. झ्वी बर्न, लान्स डिक्सन, डेव्हिड कोसोवर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली लूपची अॅम्प्लिट्यूड आधीच ज्ञात, अर्थपूर्ण अॅम्प्लिट्यूडांपासून जोडायची रीत बांधली. ब्रिटो, काचाझो, फेंग आणि विटन यांनी २००५ साली तीच गोष्ट लूपविरहित अॅम्प्लिट्यूडांसाठी एका सुटसुटीत सूत्रात आणली. २०२१ साली चाकॉन, मितोव्ह आणि पोन्सलेट यांनी सर्नच्या तीन-जेट घटनांचा हिशेब अल्फा-एसच्या दोन पायऱ्या पुढच्या अचूकतेने पूर्ण केला. या रीतींचे तपशील चौथ्या ते सहाव्या प्रकरणांत आहेत. ज्याला फक्त वापरायचे आहे त्याच्यासाठी मॅडग्राफ आहे. प्रक्रिया टंकली की अॅम्प्लिट्यूड तयार. पण चार ग्लुऑनांचे एकदा तरी हाताने केल्याशिवाय ते उघडू नये, असा माझा हट्ट आहे आणि तो जुनाट म्हटला तरी चालेल.

मोजणीच्या बाजूबद्दल थोडक्यात. यंत्रात दिसलेल्या कणांचे जेट बांधायला नियम लागतो. सध्या सगळीकडे वापरतात तो अँटी-केटी नियम, कॅकियारी, सलाम आणि सोये यांचा, २००८ सालचा. जास्त आडव्या संवेगाचा कण आधी आजूबाजूच्या हलक्या कणांना गोळा करतो, त्यामुळे जेट गोलसर आणि टणक निघतात, आणि वजनाची अट पाळली जाते. हिशेब करणारा आणि मोजणारा, दोघांनी एकच नियम वापरला तरच तुलना होते. सर्नच्या सीएमएस शोधकयंत्रात जेटची ऊर्जा मोजणाऱ्या थरांपैकी सर्वांत बाहेरचा, प्रचंड चुंबकाच्या गुंडाळीपलीकडे बसवलेला थर भारतीय गटांनी बांधला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा त्यात मोठा हात आहे. आतल्या थरांतून निसटलेली जेटची शेपटी पकडणे हे त्याचे काम. पुण्याच्या आयसरमधले गटही सीएमएसवर काम करतात.

आणि ज्यांना मुंबई-पुणे गाठता येत नाही त्यांच्यासाठी: सर्नने २०१४ पासून सीएमएसच्या नोंदी लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. २०१७ साली एमआयटीच्या जेसी थेलर आणि सहकाऱ्यांनी या खुल्या, २०१० सालच्या नोंदींवरून जेटच्या आतली पहिली फूट कशी होते हे मोजून प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना सीएमएसचे सदस्य व्हावे लागले नाही. नोंदी उतरवायला वेळ लागतो, विष्णुपुरीत जरा जास्तच, पण उतरतात. परिशिष्टात पहिला आलेख काढण्यापर्यंतचे टप्पे दिले आहेत.

एक प्रकरण विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून वाढवले. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेला सुमारे २६०० कोटींचा प्रकल्प. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होतात तेव्हाच्या गुरुत्वलहरी तिथे पकडल्या जातील. त्याचा ग्लुऑनांशी काय संबंध, असे विचारणारा पहिलाच वाचक तुम्ही नसाल. कवाई, लेवेलेन आणि टाय यांनी १९८६ साली स्ट्रिंग सिद्धांतातून दाखवले होते की गुरुत्वाचे अॅम्प्लिट्यूड हे दोन ग्लुऑन-छापाच्या अॅम्प्लिट्यूडांच्या गुणाकारातून बांधता येते. बर्न, कॅरास्को आणि योहान्सन यांनी २००८ साली याचे अधिक सोपे रूप सुचवले: ग्लुऑनच्या हिशेबात रंगाचा घटक काढून तिथे गतीचा घटक दुसऱ्यांदा ठेवा, गुरुत्व मिळते. २०१९ साली बर्न आणि सहकाऱ्यांनी ही रीत वापरून दोन जड पिंडांमधल्या गुरुत्वीय आकर्षणाची, न्यूटनच्या स्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंतची, दुरुस्ती काढली. सापेक्षता सिद्धांताच्या जुन्या रीतींनी ती तोवर निघालेली नव्हती. वेधशाळेला लहर ओळखायची तर तिचा अपेक्षित आकार आधी काढून ठेवावा लागतो, आणि जितकी दुरुस्ती अचूक तितका आकार अचूक. जेटसाठी घडवलेले अवजार औंढ्याच्या कामी येते ते असे. नववे प्रकरण या गुणाकाराचे आहे. त्यात चार कणांचे एक उदाहरण पूर्ण सोडवले आहे.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. ग्लुऑनांपासून पायॉन नेमके कसे बनतात याचा मूळ सिद्धांतातून केलेला हिशेब इथे नाही. तो अल्फा-एसच्या मालिकेने होत नाही, आणि संगणक-कार्यक्रम तिथे मोजमापांवर बेतलेली प्रारूपे वापरतात. प्रोटॉनच्या आत क्वार्क आणि ग्लुऑन किती ऊर्जा वाटून घेतात, तेही मोजमापांवरूनच घ्यावे लागते. लॅटिस क्यूसीडीला स्वतंत्र पुस्तक लागेल. जड अणुकेंद्रांच्या टकरीत जेट विझतात, तो विषय दोन पानांत उरकला आहे.

पहिली तीन प्रकरणे क्रमाने वाचावीत. चौथ्यापासून उडी मारली तरी चालेल, फक्त पाचव्या प्रकरणाआधी हेलिसिटीची उदाहरणे सोडवलेली असावीत. गुणकांत एखाद्या दोनाची चूक राहिली असण्याची शक्यता आहे. ती सापडली तर कळवावी. आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी साडेनऊ आणि उणे आठ हे दोन आकडे मी मुद्दाम न सोडवता ठेवले आहेत. ते काढायला एक अख्खी दुपार जाते, सोबत भरपूर कागद हवा.